वेळेचा हिशेब : ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील कामगिरी-मापन

आजच्या साध्या संगणकातल्या प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला सुमारे ३०० कोटी ठोके पडतात. त्यांतले किती ठोके खऱ्या कामाला लागले आणि किती नुसते वाट पाहण्यात गेले, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला बाहेरून दिसत नाही. हा हिशेब ठेवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, केलेली असते. तिला कामगिरी-मापन म्हणतात. या व्यवस्थेचे तीन थर आहेत : प्रोसेसरमध्ये कोरलेले मोजणीचे काउंटर, ते काउंटर सांभाळणारा आणि वाटून देणारा कर्नल, आणि कर्नलकडून आकडे घेऊन माणसाला वाचता येतील असे मांडणारी साधने.

मोजणीची गरज न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या जासईच्या रस्त्यावर उभे राहिले की लगेच पटते. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले आणि गव्हाण फाटा, जासई, करळ फाटा या पट्ट्यातून कंटेनरच्या ट्रेलरची वाहतूक वाढत गेली. २०२३-२४ या वर्षात या बंदरातून २० फुटी मापाने सुमारे ६४ लाख कंटेनर हाताळले गेले. समजा, एका ट्रेलरला बंदरातून पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर पोचायला चार तास लागले. एवढ्यावरून काय बिघडले ते कळत नाही. गेटवर रांग होती, वजनकाट्यावर खोळंबा झाला, जासईजवळ कोंडी होती, की गाडीच जुनी होती? एकूण वेळ हा परिणाम असतो. कारण हवे असेल तर प्रत्येक टप्प्यावर मोजावे लागते. प्रोग्राम पाच मिनिटे चालला, एवढे सांगणारे मनगटी घड्याळही असेच अपुरे आहे.

वेळ कुठे जातो

प्रोसेसर जितका वेगवान, तितकी मेमरी वेगवान नसते. प्रोसेसरला अगदी चिकटून असलेल्या लहान साठ्यातून, म्हणजे पहिल्या पातळीच्या कॅशमधून, एखादा आकडा चार-पाच ठोक्यांत हाती येतो. तोच मुख्य मेमरीतून आणायचा तर दोनशे-तीनशे ठोके जातात. घरातल्या डब्यातले तांदूळ काढणे आणि त्यासाठी पनवेलच्या बाजाराला जाऊन येणे, यांतला हा फरक आहे.

म्हणूनच बेरीज तीच असली तरी वेळ फार वेगळा लागू शकतो. ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभ असलेला आकड्यांचा एक तक्ता घ्यावा. प्रत्येक आकडा ८ बाइटचा, म्हणजे एकूण १२८ मेगाबाइट. सी भाषेत हा तक्ता मेमरीत ओळीमागून ओळ असा मांडला जातो. मेमरीतून कॅशमध्ये माल एकेक आकडा करून येत नाही, ६४ बाइटच्या खेपेने येतो. एका खेपेत आठ आकडे. ओळीने बेरीज केली तर आठही वापरले जातात आणि सुमारे २१ लाख खेपांत काम होते. स्तंभाने केली तर प्रत्येक खेपेतला एकच आकडा कामी येतो आणि उरलेले सात वापरण्याआधीच कॅशमधून बाहेर ढकलले जातात. मग खेपा १ कोटी ६७ लाखांवर जातात. उत्तर दोन्हीकडे एकच येते आणि दोन्ही प्रोग्राम निर्दोष दिसतात. वेळेतल्या फरकाचे कारण दिसते ते फक्त कॅशमध्ये न सापडलेल्या आकड्यांच्या मोजणीत.

प्रोसेसरमधले काउंटर

ही मोजणी प्रोसेसर स्वतः करतो. एखादी ठरलेली घटना घडली की आपला आकडा एकने वाढवणारे छोटे रजिस्टर म्हणजे काउंटर. ठोका पडला, प्रोग्रामची एखादी सूचना पूर्ण झाली, कॅशमध्ये आकडा सापडला नाही, प्रोग्राममधल्या फाट्यावर कोणत्या बाजूला वळायचे याचा अंदाज चुकला, अशा शेकडो प्रकारच्या घटना मोजता येतात. मात्र काउंटर मोजकेच असतात. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या विभागात, दोन-तीन काउंटर ठरावीक घटनांसाठी राखलेले आणि चार ते आठ हवी ती घटना मोजायला मोकळे, अशी मांडणी सध्या नेहमी आढळते.

१९९३ मध्ये आलेल्या इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये ४० बिटांचे दोन काउंटर होते. त्यांची माहिती सर्वांसाठी छापलेली नव्हती. नॉर्वेचे तेर्ये माटिसेन यांनी ती प्रयोगांनी शोधून काढली आणि जुलै १९९४ च्या 'बाइट' मासिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर पेंटियम प्रो या प्रोसेसरपासून काउंटर वाचण्याची वेगळी सूचनाच देण्यात आली. डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरमध्येही असे काउंटर होते. त्यांच्या आधारे १९९७ मध्ये त्या कंपनीच्या संशोधकांनी संपूर्ण संगणकावर अखंड चालणारी मापनव्यवस्था उभारली. तिचा भार एक ते तीन टक्के इतकाच होता. सतत मोजत राहणे परवडते, हे या कामाने दाखवून दिले.

मोजणी आणि नमुने

काउंटर दोन रीतींनी वापरतात. पहिली रीत सरळ मोजणीची : प्रोग्राम सुरू होताना आकडा पाहायचा, संपताना पाहायचा, वजाबाकी करायची. यातून गुणोत्तरे मिळतात. पूर्ण झालेल्या सूचनांना ठोक्यांनी भागले की एका ठोक्यात सरासरी किती सूचना उरकल्या ते कळते. आधुनिक प्रोसेसर एका ठोक्यात चार किंवा अधिक सूचना उरकू शकतो. हे गुणोत्तर अर्ध्याच्याही खाली आले, तर प्रोसेसर बहुतांश वेळ कशाची तरी वाट पाहतो आहे असे समजावे.

सरळ मोजणीतून किती ते कळते, कुठे ते कळत नाही. त्यासाठी दुसरी रीत आहे, नमुन्यांची. कर्नल काउंटर शून्यावर न ठेवता, भरायला बरोबर १० लाख घटना उरतील अशा आकड्यावर ठेवतो. १० लाख घटना झाल्या की काउंटर भरून उलटतो आणि प्रोसेसर कर्नलला हाक देतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. कर्नल हातातले काम थांबवतो, त्या क्षणी प्रोग्राम कोणत्या सूचनेवर होता त्याची नोंद करतो, काउंटर पुन्हा मागे लावतो आणि काम पुढे सोडतो. ठोके मोजत असल्यास सेकंदाला ३००० नोंदी होतात. जासईच्या नाक्यावर प्रत्येक गाडीची चौकशी करणे अशक्य आहे, पण दर हजाराव्या गाडीला ती कुठून आली आणि कुठे अडकली एवढे विचारले, तरी दिवसभरात कोंडीची जागा कागदावर उमटते. नमुन्यांचे तत्त्व हेच.

ही हाक कोणत्या प्रकारची आहे यालाही महत्त्व आहे. कर्नल काही नाजूक कामांच्या वेळी सगळे साधे इंटरप्ट थोपवून धरतो. मापनाची हाकही थोपवली गेली, तर त्या भागातले सगळे नमुने इंटरप्ट पुन्हा मोकळे होतात त्या एकाच जागी गोळा होतात आणि निर्दोष सूचनेवर आळ येतो. म्हणून शक्य असेल तिथे मापनासाठी थोपवता न येणारा इंटरप्ट वापरतात. त्यामुळे कर्नलला स्वतःच्या सर्वांत आतल्या कामाचाही हिशेब घेता येतो.

हे काम कर्नलचेच का

काउंटर लावण्याचा अधिकार प्रोसेसर फक्त कर्नललाच देतो. त्यामागे ठोस कारणे आहेत.

पहिले कारण वाटणीचे. एका कोअरवर सेकंदाला शेकडो वेळा प्रोग्रामची अदलाबदल होते, पण काउंटरला ते कळत नाही. तो सगळ्यांच्या घटना एकाच आकड्यात मिळवत राहतो. एखाद्या प्रोग्रामचाच हिशेब हवा असेल तर तो बाजूला होताना त्याचा आकडा उचलून ठेवणे आणि परत येताना पुन्हा लावणे भाग आहे. अदलाबदल कर्नलच करतो, तेव्हा हे कामही त्याच्याकडेच येते.

दुसरे कारण टंचाईचे. काउंटर चार आणि मोजायच्या घटना दहा असतील, तर कर्नल पाळी लावतो. प्रत्येक घटनेला थोडा वेळ काउंटर मिळतो. किती वेळ मोजणी हवी होती आणि प्रत्यक्षात किती वेळ झाली, हे दोन्ही कर्नल नोंदवतो. दहा सेकंदांपैकी चार सेकंद मोजणी होऊन २० कोटींचा आकडा आला, तर पूर्ण वेळेचा अंदाज ५० कोटी. हा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच वाचावा. प्रोग्रामचे वागणे सेकंदागणिक बदलत असेल तर तो फसतो.

तिसरे कारण काउंटरच्या लांबीचे. ३०० कोटी ठोक्यांच्या वेगाने ४० बिटांचा काउंटर सुमारे सहा मिनिटांत भरतो, ४८ बिटांचा सुमारे २६ तासांत. तो उलटण्याआधी कर्नल त्यातला आकडा स्वतःच्या ६४ बिटांच्या खात्यात जमा करतो. ते खाते भरायला दीडशेहून अधिक वर्षे लागतील.

चौथे कारण विश्वासाचे. वजनकाटा व्यापाऱ्याच्याही ताब्यात नसावा आणि गिऱ्हाइकाच्याही. एकाच यंत्रावर अनेकांचे काम चालते, तेव्हा एकाला दुसऱ्याच्या मोजणीत ढवळाढवळ करता येऊ नये आणि परवानगीशिवाय ती पाहताही येऊ नये.

लिनक्समधला प्रवास

युनिक्समध्ये प्रोग्रामचा वेळ मोजण्याची साधने सुरुवातीपासून होती. १९८२ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी मांडलेले जीप्रॉफ हे साधन कोणते फंक्शन कोणाला बोलावते आणि त्यात किती वेळ जातो याचा तक्ता देत असे. पण ते एकाच प्रोग्रामपुरते होते, आणि प्रोग्राम त्यासाठी मुद्दाम वेगळा कंपाइल करावा लागे.

लिनक्स या खुल्या कर्नलमध्ये प्रोसेसरचे काउंटर वापरण्यासाठी आधी वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळी भर घातली. स्वीडनच्या मिकाएल पेटर्सन यांचे पर्फसीटीआर मूळ कर्नलच्या बाहेरून जोडावे लागे. स्टेफान एरानियन यांच्या पर्फमॉनला इटानियम प्रोसेसरपुरते कर्नलमध्ये स्थान मिळाले. जॉन लेव्हन यांचे ओप्रोफाइल २००२ मध्ये कर्नलच्या २.५ मालिकेत सामावले गेले. अल्फावरच्या कामाचा त्यावर स्पष्ट ठसा होता. डिसेंबर २००८ मध्ये टॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी वेगळी रचना मांडली. ती ९ सप्टेंबर २००९ रोजी आलेल्या लिनक्स २.६.३१ मध्ये दाखल झाली आणि पुढच्याच आवृत्तीत पर्फ इव्हेंट्स या नावाने स्थिरावली. ओप्रोफाइलचा कर्नलमधला भाग २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला.

या रचनेतली कल्पना साधी आहे. कोणती घटना, कोणत्या प्रोग्रामसाठी, कोणत्या कोअरवर, हे सांगून प्रोग्राम कर्नलकडे एकच विनंती करतो. कर्नल त्याला फाइलसारखी एक मूठ देतो. ती वाचली की आकडा मिळतो, बंद केली की मोजणी थांबते. नमुने हवे असतील तर कर्नल आणि साधन यांच्यामध्ये सामायिक मेमरीचा वर्तुळाकार पट्टा ठेवला जातो. वाडीतल्या विहिरीवरच्या रहाटासारखे त्याचे काम चालते : कर्नल एका बाजूने पोहरे भरतो, साधन दुसऱ्या बाजूने रिकामे करते, आणि कोणालाही दुसऱ्यासाठी थांबावे लागत नाही. पोहरे वेळेवर रिकामे झाले नाहीत तर काही नमुने सांडतात. किती सांडले, तेही कर्नल नोंदवून ठेवतो.

याच कर्नलसोबत पर्फ नावाचे साधन येते. पर्फ स्टॅट एकूण मोजणी देते, पर्फ रेकॉर्ड नमुने गोळा करते आणि पर्फ रिपोर्ट त्यांचा तक्ता मांडते. नमुन्यासोबत फंक्शनांची साखळीही नोंदवता येते. अशा हजारो साखळ्या एकावर एक रचून काढलेले चित्र २०११ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी रूढ केले. ज्वाळांसारखे दिसते म्हणून त्याला फ्लेम ग्राफ म्हणतात. त्यात वरच्या टोकाशी असलेली सर्वांत रुंद पट्टी म्हणजे सर्वांत जास्त वेळ खाणारी जागा.

काउंटरच्या पलीकडे

प्रोसेसरला न दिसणाऱ्या घटना कर्नल स्वतः मोजतो : प्रोग्रामची किती वेळा अदलाबदल झाली, मेमरीचे पान किती वेळा जागेवर सापडले नाही, काम एका कोअरवरून दुसऱ्यावर किती वेळा हलवले गेले. कर्नलच्या कोडमध्ये ठिकठिकाणी नोंदीच्या जागाही आखलेल्या असतात. जिथे अशी जागा आखलेली नाही तिथे केप्रोब्ज ही सोय उपयोगी पडते. चालू कर्नलमधल्या हव्या त्या सूचनेच्या जागी तात्पुरता थांबा बसवायचा, तिथे पोचताच नोंद करायची आणि मूळ सूचना पार पाडून पुढे जायचे, अशी ही युक्ती आहे. २००४ मध्ये ती लिनक्समध्ये आली, आणि तिच्या उभारणीत आयबीएमच्या बंगळुरूमधल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. साध्या प्रोग्रामसाठी तसेच काम करणारी यूप्रोब्ज ही सोय श्रीकर द्रोणमराजू यांनी नेटाने पुढे नेली आणि २०१२ मध्ये ती मूळ कर्नलचा भाग झाली.

अशा थांब्यांवर काय नोंदवायचे ते ठरवणारे छोटे प्रोग्राम ईबीपीएफच्या साहाय्याने कर्नलमध्येच चालवता येतात. ते चालू देण्याआधी कर्नल त्यांची कसून तपासणी करतो : ते नक्की संपतील ना, नको त्या मेमरीला हात लावणार नाहीत ना. डिसेंबर २०१८ मधल्या ४.२० या आवृत्तीपासून कर्नल आणखी एक आकडा देतो. प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्क मिळत नाही म्हणून कामे किती टक्के वेळ खोळंबली, ते त्यातून कळते. रांगेत किती गाड्या आहेत यापेक्षा रांगेत किती वेळ गेला हे जास्त उपयोगाचे असते.

पुण्यातली महासंगणकांची वाट

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते ते पुण्यात. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळत नव्हता, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहाच्या संगणन संशोधन प्रयोगशाळेतल्या 'एका' या यंत्राने जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत चौथे स्थान मिळवले. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये प्रत्युष आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा अर्क कार्यान्वित झाला. २०१७ च्या अखेरीपासून त्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. म्हणजे जासईतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर मापनाची तीच व्यवस्था त्याच्याही हाताशी आहे.

मे २०२५ मध्ये भारताने सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी हवामान-अंदाजाची नवी प्रणाली सुरू केली. चौकट बाजूने निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते, आणि गणिताचे पाऊलही लहान टाकावे लागते, म्हणून काम साधारण आठपट वाढते. उरण-पनवेलच्या भातशेतीला आणि बंदराला पावसाचा अंदाज उपयोगी पडतो तो पाऊस येण्याआधी हाती आला तरच. हवामानाचे गणित मेमरीकडे फार ये-जा करते. त्यामुळे असे प्रोग्राम यंत्राच्या कागदोपत्री क्षमतेचा लहानसा भागच गाठतात. उरलेली क्षमता कुठे अडली आहे, हे शोधण्याचा मार्ग काउंटरमधून जातो. बरेचसे हवामान-प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये आहेत, आणि तिथे तक्ता स्तंभामागून स्तंभ असा साठवला जातो. वरच्या उदाहरणातली दिशेची चूक तिथे नेमकी उलट्या बाजूने होते.

हजारो प्रोसेसर एकत्र काम करतात तेव्हा आणखी एक अडचण येते. गणिताच्या प्रत्येक पावलानंतर सगळ्यांना एकमेकांसाठी थांबावे लागते, आणि एक मागे पडला की सगळे खोळंबतात. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या आस्की-क्यू महासंगणकावर हे दिसून आले. अपेक्षित वेग मिळत नव्हता, आणि चार प्रोसेसरच्या प्रत्येक नोडमधला, म्हणजे जोडलेल्या एकेका संगणकातला, एक प्रोसेसर मोकळा ठेवला की काम उलट जास्त वेगाने होत होते. २००३ मध्ये तिथल्या संशोधकांनी कारण मांडले : ऑपरेटिंग सिस्टिमची किरकोळ नेमाची कामे प्रत्येक नोडवर वेगवेगळ्या क्षणी जागी होत आणि तो थोडा थोडा खोळंबा साखळीने वाढत जाई. ती कामे कमी करून आणि मोजक्या नोडवर हलवून एका मोठ्या प्रोग्रामचा वेग दुप्पट झाला. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

मोजणीची किंमत आणि मर्यादा

मोजणाराही त्याच प्रोसेसरचा वेळ वापरतो. नमुने फार दाट घेतले तर हाका घेण्यातच वेळ जातो आणि आकडे बिघडतात. काट्याचे स्वतःचे ओझे पारड्यात पडता कामा नये. म्हणून लिनक्सचा कर्नल नमुन्यांच्या वेगाला कमाल मर्यादा घालतो आणि हाक हाताळायला जास्त वेळ लागू लागला की ती मर्यादा आपणहून खाली आणतो.

दुसरी मर्यादा नेमकेपणाची. काउंटर उलटणे आणि हाक पोचणे यांत काही ठोके जातात, तेवढ्यात प्रोग्राम पुढे सरकतो. नोंद होते ती दोषी सूचनेच्या पुढच्या एखाद्या सूचनेची. यावर उपाय म्हणून इंटेलने पेंटियम ४ पासून आणि एएमडीने २००७ च्या सुमारास, नमुन्याची नेमकी नोंद प्रोसेसरनेच करावी अशी सोय केली.

तिसरी मर्यादा सुरक्षिततेची. गुप्त किल्ली वापरणाऱ्या प्रोग्रामचा कॅशशी होणारा व्यवहार बारकाईने मोजता आला, तर किल्लीचा अंदाज बांधता येतो. म्हणून सामान्य वापरकर्त्याला लिनक्स मूळ मांडणीत फक्त स्वतःच्या प्रोग्रामची मोजणी करू देतो, कर्नलच्या आतली नाही. २०२० मधल्या ५.८ या आवृत्तीत मापनापुरता वेगळा अधिकार निर्माण झाला. त्यामुळे मोजणीसाठी एखाद्याच्या हाती संपूर्ण यंत्राची किल्ली द्यावी लागत नाही. पनवेल-नवी मुंबई परिसरातल्या डेटा सेंटरांसारख्या ठिकाणी एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे आभासी संगणक चालतात. तिथे कोणाला कोणते काउंटर दाखवायचे, हा निर्णय आणखी काळजीने घ्यावा लागतो.

नवा प्रोसेसर, नवी मोजणी

काउंटर प्रोसेसरमध्ये आधीच घडवलेले नसतील, तर नंतर कोणताही कर्नल ते निर्माण करू शकत नाही. भारतात सध्या हा मुद्दा कळीचा आहे. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आधारलेले आहेत. या रचनेत ठोके आणि पूर्ण झालेल्या सूचना यांचे काउंटर ठरलेले आहेत, आणि त्यांशिवाय हवी ती घटना मोजण्यासाठी २९ काउंटरांपर्यंत जागा ठेवली आहे. मात्र काउंटर उलटल्यावर हाक देण्याची सोय मूळ आराखड्यात नव्हती. ती २०२१ मध्ये मान्य झाली आणि २०२२ मधल्या लिनक्स ५.१८ मध्ये तिला आधार मिळाला. ज्या प्रोसेसरात ही सोय नाही, तिथे किती ते मोजता येते, पण कुठे ते शोधणे अवघड जाते.

म्हणून नवा प्रोसेसर आखताना दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवेत : यातल्या कोणत्या घटना मोजता येतील, आणि कर्नल त्या कशा वाचेल. पहिल्याचे उत्तर सिलिकॉनमध्ये कायमचे कोरले जाते. दुसऱ्याचे उत्तर खुल्या कर्नलमध्ये कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि सुधारता येते.